खातं कोणतंही, वाट कोषागाराचीच

घोडेगावचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय असो की जुन्नरची तहसील, राज्याच्या तिजोरीतून पैसा काढायची रीत एकच. आहरण व संवितरण अधिकारी ‘बीम्स’ या संगणक प्रणालीवर तरतूद पाहतो आणि देयक कोषागारात पाठवतो; लेखाशीर्ष, मंजुरी, सही जुळली तरच रक्कम निघते. आधार दोन: मुंबई वित्तीय नियम, 1959 आणि महाराष्ट्र कोषागार नियम, 1968. पगाराची देयकं ‘सेवार्थ’वर, शासनाकडे ऑनलाइन भरणा ‘ग्रास’वर. कोषागाराचे मासिक लेखे महालेखापालांकडे जातात. अर्थसंकल्पातली न खर्चलेली तरतूद 31 मार्चला व्यपगत होते. म्हणून निधी वर्षअखेरीस सोडणं डोंगरवाड्यांवर अन्यायाचं आहे: कामाला उरतात जेमतेम काही आठवडे, आणि घाईत तपासणी पातळ होते.