सेटअप 90 एमबीचा की 40 एमबीचा? ग्राहक इथेच सुटतो!

मागच्या एका बॅचमध्ये एक किराणा दुकानदार काका मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बिलिंग सॉफ्टवेअरचा सेटअप डाउनलोड करत होते. तीन वेळा मधेच तुटलं. शेवटी म्हणाले, "राहू दे रे, आपली वहीच बरी." सॉफ्टवेअर चांगलं होतं, पण काकांपर्यंत पोचलंच नाही. म्हणून आजचा विषय, जे छोटं सॉफ्टवेअर बनवतात किंवा बनवून घेतात त्यांच्यासाठी.

आधी हिशोब

हॉटस्पॉटला 2 एमबीपीएस स्पीड धरा. 90 एमबीला 6 मिनिटं लागतात. 40 एमबीला 2 मिनिटं 40 सेकंद. वेळ जितका कमी, तितकी मधे तुटायची भीती कमी.

फाइल लहान होते कशी?

वहीत तीच गोष्ट पुन्हा आली की आपण "वरीलप्रमाणे" लिहितो ना? कॉम्प्रेशन तेच करतं. फरक एवढाच, की किती मागची पानं आठवणीत आहेत. झिपची नेहमीची डिफ्लेट पद्धत फक्त 32 केबी मागे बघते. सेव्हन-झिपमुळे ओळखीची झालेली एलझेडएमए पद्धत कित्येक एमबी मागे बघू शकते. म्हणून तिला पुनरावृत्ती जास्त सापडते आणि फाइल सहसा लहान होते.

करायचं काय?

1. आधी नको तो माल काढा. डीबग फाइल्स, डेमो व्हिडिओ, न लागणाऱ्या भाषा. जे पाठवलंच नाही, त्याचं वजन शून्य!

2. सेटअप एनएसआयएसमध्ये बनत असेल तर तपासा. तिथे मुळात डिफ्लेट पद्धत असते, ती बदलून एलझेडएमए करा. इनो सेटअपमध्ये एलझेडएमए2 आधीच असतं.

3. सॉलिड कॉम्प्रेशन चालू करा. इनो सेटअपमध्ये ते मुळात बंद असतं. यात सगळ्या फाइल्स एकच गठ्ठा समजून दाबल्या जातात, त्यामुळे दोन फाइल्समधला सारखा भागही वाचतो.

4. सेटअपला डिजिटल सही सगळ्यात शेवटी करा. सहीनंतर फाइल बदलली की सही बाद होते.

फुकट काहीच नाही

सेटअप बनवताना तुमच्या कॉम्प्युटरला जास्त वेळ लागेल. पण तो एकदाच, आणि तुमचा! ग्राहकाकडे उघडताना मात्र डिक्शनरीच्या साइझएवढी रॅम लागते. म्हणून डिक्शनरी उगाच मोठी ठेवू नका. दुकानातल्या जुन्या पीसीवर एकदा टेस्ट कराच. सॉलिडमध्ये गठ्ठ्यातली शेवटची एकच फाइल हवी असली, तरी आधीचं सगळं उलगडावं लागतं.

जेपीजी फोटो आणि एमपी4 व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यांच्याकडून फार अपेक्षा नको. तयार सेटअपची परत झिप करूनही साइझ जवळजवळ तेवढीच राहते. आणि ईएक्सई फाइल दाबणारे पॅकर जपून वापरा. अँटिव्हायरस कधीकधी चांगल्या सॉफ्टवेअरलाही व्हायरस समजतो, मग नवा ग्राहक घाबरून पळतो.

आजच आपल्या सेटअपची साइझ बघा, वरचे बदल करा, आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर स्वतः डाउनलोड करून पाहा. ऑफिसच्या वायफायवर नाही हं! आपला ग्राहक तिथे बसलेला नाही.