पिकअप, आम्ही तिघी आणि लेह

‘लेहला? आणि पिकअपनं? तुम्ही तिघीच?’ गेला महिनाभर निफाडमध्ये भेटेल त्याला हेच तीन प्रश्न पडलेत. तिघी म्हणजे मी, माझी धाकटी जाऊ आणि आमच्या वन्सं. मी पंचावन्नची, वन्सं साठीला टेकलेल्या. गाडी त्या मानानं तरुण, २०१८ सालची. डबल केबिनची डिझेल पिकअप. पुढे पाच माणसं बसतात, मागे उघडा हौदा. द्राक्षांचे क्रेट आणि औषधांचे ड्रम वाहण्यात तिचं आयुष्य गेलं. तीन वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हा भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, विकून टाका. उभी राहून सडेल.’ मी ती उभी राहू दिली नाही, एवढंच.

आता येत्या सप्टेंबरात श्रीनगर-कारगिलमार्गे लेह गाठायचं आणि मनालीवरून परत यायचं. नुसतं जायचंच अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. श्रीनगरकडून जायचं कारण चढ हळूहळू येतो. श्रीनगर पाच हजार फुटांवर, कारगिल पावणेनऊ हजारांच्या पुढे आणि लेह साडेअकरा हजारांवर. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ मिळतो. डॉक्टरांकडे आम्ही तिघी जाऊन आलो. बाकी सगळा वेळ गाडीचा.

सुरुवात कागदांपासून केली, आणि मैत्रिणींनो, इथे जरा थांबून वाचा. नवरा गेल्यावर शेताचा सातबारा बदलायची घाई सगळे करतात, गाडीचं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. मालकाचं निधन झालं की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची. विमाही नावावर करायचा. मी ते तेव्हाच रडत-रखडत केलं होतं. पण माझ्या ओळखीत दोघी अशा आहेत की गाडी रोज चालवतात आणि आरसीवर नाव अजून गेलेल्या माणसाचं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारणार. शिवाय मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं अपघात संरक्षण असतं, तेही आपल्या नावानं आहे ना, पॉलिसी उघडून बघा. आमची पाटी पांढरी, खासगी. पिवळ्या पाटीची मालवाहू असती तर परमिटचं प्रकरण वेगळं.

मग गाडी मिस्त्रींकडे नेली. मी यादीच करून नेली होती: छतावर कॅरियर, पुढे जादा दिवे, जाळीचा बंपर. सगळं भाच्यानं सुचवलेलं. मिस्त्रींनी यादी वाचली, घडी केली आणि मला परत दिली. ‘वहिनी, हे सगळं वजन आहे. आधी जे आहे ते बघू.’

पहिलं रेडिएटर. आपल्याकडे खेड्यात गाडी तापली की नळाचं पाणी ओततात, वर्षानुवर्षं. निफाडच्या हवेत चालून जातं. पण परतीच्या वाटेवर सरचूसारख्या ठिकाणी सप्टेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो. पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. त्यामुळे सगळं पाणी काढलं, आतून धुऊन निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी भरलं. असं मिश्रण उणे तीस अंशांपर्यंतही गोठत नाही म्हणे. पहिल्या धुण्याला निघालेलं पाणी अगदी उसाच्या काकवीसारखं होतं.

मग डिझेलचा फिल्टर. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. म्हणून डिझेल स्वच्छ हवं. पाण्याचा थेंब त्याचा वैरी. फिल्टरच्या तळाला पाणी सोडायची एक छोटी चावी असते, ती मिस्त्रींनी माझ्या हातानं उघडायला लावली. टाकी पार रिकामी होऊ द्यायची नाही हेही बजावलं, कारण डिझेलच्या नळीत हवा शिरली की नुसतं डिझेल ओतून गाडी सुरू होईलच असं नाही. फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून हवा काढावी लागते. तोही मी दाबून बघितला. आमचा नियम ठरला: काटा अर्ध्यावर आला की पंप शोधायचा. तांगलांग ला साडेसतरा हजार फुटांच्या घरात. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते, म्हणून एअर फिल्टरही नवा बसवला.

टायरचं मला पटायला वेळ लागला. नक्षी चांगली खोल दिसत होती. मिस्त्रींनी बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे दाखवले: २३१९. म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नखानं दाबलं तर रबराला बारीक चिरा. चार नवे टायर आणि स्टेपनीही नवी, खर्च पोटात गोळा आणणारा. पण सोनं मोडायची वेळ आली नाही. ब्रेकचं तेलही बदललं. ते हवेतली ओल पितं, आणि लांब उतारावर तापलं की पॅडल मऊ पडतं. उतारावर ब्रेकवर उभं राहायचं नाही, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्यातच उतरायचं.

घरी आल्यावर वन्सं म्हणाल्या, ‘चाक बदलून दाखव बघू.’ अंगणात जॅक लावायला घेतला तर चाकाचे नट हलेनात. दुकानात ते हवेच्या मशीननं आवळतात, आपल्या मनगटाला काय दाद देणार! जाऊनं विहिरीवरचा चार फुटी लोखंडी पाइप आणला, पान्ह्याच्या दांड्यावर चढवला आणि टोकावर भार दिला. कर्रर्र आवाज आला आणि नट सुटला. मग तिघींनी आळीपाळीनं चाक काढलं, लावलं. पहिल्यांदा चाळीस मिनिटं, तिसऱ्यांदा अठरा. भाऊजी ओट्यावरून बघत होते. काही बोलले नाहीत. जॅकखाली ठेवायला फळी मात्र त्यांनीच आणून दिली, मऊ जमिनीत जॅक रुतू नये म्हणून. तो पाइप आता गाडीतच राहणार.

काल सामान भरलं. शेगडी, भांडी, अंथरुणं, ताडपत्री, वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन, वन्संचा पितळी डबा, चटण्या, पापड, कुकर दोन. मिस्त्रींचं म्हणणं आठवून गाडी कांदा मार्केटच्या भुईकाट्यावर नेली. आम्ही तिघी गाडीतच बसून. आरसीवरच्या कमाल वजनापेक्षा कमीच भरलं, पण हौद्याच्या मागच्या टोकाला भार जास्त आणि पुढचं चाक हलकं. घाटात स्टिअरिंग तरंगणार. तिथेच सामान उतरवलं. जड ते केबिनला लागून, खाली, हलकं मागे. एक कुकर आणि निम्मी भांडी परत गेली. पितळी डब्यावरून दहा मिनिटं वाद झाला. डबा राहिला.

दुसऱ्यांदा काट्यावर चढलो. पावती फाडताना काटेवाल्यानं विचारलं, ‘ताई, माल काय लिहू?’

वन्संनी काचेतून डोकं बाहेर काढलं. ‘घरसामान लिहा.’