तमिळ भाषेतील अतिथिस्वागताचे शिष्टाचारदर्शक प्रयोग : एक विवेचन

प्रस्तावना :

अतिथीचे स्वागत ही जशी सामाजिक कृती आहे, तशीच ती भाषिक कृतीही आहे. दारात आलेल्या व्यक्तीला कोणत्या शब्दांत आणि शब्दांच्या कोणत्या रूपांत आत बोलवावे, याचे संकेत प्रत्येक भाषेने स्वतंत्रपणे घडविलेले असतात. दुसरी भाषा शिकताना मात्र 'स्वागत', 'कृपया', 'धन्यवाद' यांचे प्रतिशब्द पाठ केले की शिष्टाचार साधला, असा समज आढळतो. तमिळच्या बाबतीत हा समज विशेष दिशाभूल करणारा ठरतो. तमिळमधील सौजन्य प्रामुख्याने स्वतंत्र शब्दांत नसून क्रियापदाच्या प्रत्ययात वसते.

मराठी भाषकांचा तमिळशी असलेला संबंध जुना आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावर येथे भोसले घराण्याचे राज्य होते. मुंबईत माटुंगा व धारावी परिसरांत तमिळ भाषक अनेक पिढ्यांपासून राहत आहेत. तमिळला २००४ मध्ये आणि मराठीला २०२४ मध्ये केंद्र शासनाने अभिजात भाषेचा दर्जा दिला. या पार्श्वभूमीवर तमिळमधील स्वागतपर प्रयोगांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखातील लिप्यंतरात शब्दाच्या अंती 'ऽ' हे चिन्ह असल्यास अंत्य 'अ' पूर्ण उच्चारावा.

'विरुंदु' : संकल्पनेचा उगम

तमिळमध्ये अतिथीला 'विरुंदिनर्' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या 'विरुंदु' या शब्दाचा जुना अर्थ 'नवेपणा' असा आहे. त्यावरून नव्याने आलेली व्यक्ती आणि पुढे तिच्यासाठी केलेले भोजन, असा अर्थविस्तार झाला. आजच्या तमिळमध्ये 'विरुंदु' म्हणजे मेजवानी. अतिथी आणि अन्न या दोन कल्पना येथे एकाच शब्दात सामावल्या आहेत.

'तिरुक्कुरळ' या ग्रंथातील १३३ प्रकरणांपैकी नववे प्रकरण 'विरुंदोंबल्', म्हणजे अतिथिसत्कार, या विषयावर आहे. त्याला लागूनच येणारे दहावे प्रकरण गोड बोलण्याविषयी आहे. अतिथिसत्काराच्या प्रकरणात अन्नाबरोबर यजमानाच्या मुद्रेलाही महत्त्व दिलेले दिसते. अन्न, मुद्रा आणि वाणी यांचा हा संबंध आजच्या व्यवहारातही टिकून आहे.

आदराचे व्याकरण :

'येणे' या अर्थाचा तमिळ धातू 'वा' हा आहे. त्याचे एकवचनी आज्ञार्थी रूपही 'वा' असेच होते. ते लहान मुले, जिवलग मित्र किंवा वयाने लहान आप्त यांच्यासाठीच योग्य ठरते. आदरार्थी रूप लेखी भाषेत 'वारुंगळ्', तर बोलण्यात 'वांगऽ' असे होते. अनेकवचनाचा प्रत्यय एका व्यक्तीसाठी वापरून आदर व्यक्त करण्याची ही पद्धत मराठीतील 'ये' व 'या' यांच्या भेदाशी जुळते. येथेच मराठी भाषकाची चूक होण्याचा संभव असतो. 'या' आणि 'वा' यांतील ध्वनिसाम्यामुळे तो ज्येष्ठ व्यक्तीला 'वा' म्हणून जातो. तमिळ कानाला ते 'ये' असे ऐकू येते.

सर्वनामांतही हाच भेद आहे. 'नी' म्हणजे तू आणि 'नींगळ्' म्हणजे तुम्ही. याखेरीज अतिऔपचारिक प्रसंगी 'तांगळ्' हे सर्वनाम योजतात. ते मूळचे आत्मवाचक असून आदरार्थ संबोधनासाठी वापरले जाते. मराठीतील 'आपण' हेही आत्मवाचक आणि आदरार्थी अशी दोन्ही कार्ये करते, हे साम्य लक्षणीय आहे.

आग्रहासाठी तमिळमध्ये आदरार्थी रूपाला 'एन्' हा अंश जोडतात. 'वांगळेन्' म्हणजे 'या ना', 'साप्पिडुंगळेन्' म्हणजे 'खा ना'. विनंतीवाचक 'दयवुसेय्दु' (कृपया) हा शब्द तमिळमध्ये आहे. परंतु तो सूचनाफलक, पत्रव्यवहार आणि औपचारिक भाषणे यांत अधिक आढळतो. घरी आलेल्या पाहुण्याला 'दयवुसेय्दु' म्हणून बसविणे कृत्रिम वाटते. 'उक्कारुंगऽ' (बसा) एवढ्यात आदर पूर्ण होतो. आभारवाचक 'नन्ड्रि' या शब्दाची स्थितीही घरगुती व्यवहारात अशीच आहे.

लेखी आणि बोली रूपे :

तमिळमध्ये लेखी व बोली भाषेतील अंतर मोठे आहे. स्वागतपर प्रयोगांत ते स्पष्ट दिसते. गावाच्या वेशीवर किंवा समारंभाच्या कमानीवर 'नल्वरवु' अशी अक्षरे असतात. 'नल्' म्हणजे चांगले आणि 'वरवु' म्हणजे येणे. व्यासपीठावरून स्वागत करताना 'वरवेर्पु' या नामाशी संबंधित क्रियारूपे वापरतात. त्यात येणे स्वीकारण्याचा भाव आहे. घराच्या दारात मात्र यांपैकी काहीही न म्हणता 'वांगऽ, वांगऽ' अशी द्विरुक्ती केली जाते. तमिळ ब्राह्मणांच्या पारंपरिक बोलीत हेच रूप 'वांगो' असे होते. लेखी 'वारुंगळ्' व 'अमरुंगळ्' (बसावे) ही रूपे सभेत शोभतात. स्वयंपाकघराशेजारच्या गप्पांत ती पुस्तकी ठरतात.

'वणक्कम्' हे अभिवादन 'वणंगु' (वाकणे, वंदन करणे) या धातूपासून आले आहे. ते अपरिचितांशी, सभेत आणि वृत्तनिवेदनात सर्रास वापरले जाते. निकटच्या आप्तांचे स्वागत करताना त्याऐवजी 'वांगऽ' हेच स्वाभाविक असते. त्यासोबत 'अण्णा', 'अक्का', 'अय्या', 'अम्मा' अशी नातेवाचक किंवा आदरवाचक संबोधने येतात. यांपैकी 'अण्णा' आणि 'अक्का' मराठी कानांना परकी नाहीत.

अन्न, आपलेपणा आणि निरोप :

आसन व पाणी दिल्यावर 'साप्पिट्टींगळा?' (जेवलात का?) हा प्रश्न येतो. भोजनाच्या वेळेखेरीजही तो विचारला जातो. त्यात माहितीच्या अपेक्षेपेक्षा आस्था अधिक असते. 'साप्पिडु' हे क्रियापद कॉफीसाठीही चालते.

मराठीप्रमाणेच तमिळमध्ये प्रथमपुरुषी अनेकवचनाचे दोन प्रकार आहेत : श्रोत्याला वगळणारे 'नांगळ्' (आम्ही) आणि श्रोत्याला सामावणारे 'नाम्' (आपण). घराविषयी बोलताना 'एंगळ्' (आमचे) म्हटल्यास केवळ मालकी सूचित होते. 'नम्मऽ' (आपले) म्हटल्यास ऐकणारा त्या घरात सामावला जातो. 'आमच्या घरी या' आणि 'आपलंच घर आहे' यांतील फरक जाणणाऱ्या मराठी भाषकाला ही छटा सहज कळते.

निरोपाचे वाक्य हा स्वागताचाच शेवटचा भाग मानावा लागतो. निघताना तमिळ पाहुणा नुसते 'जातो' म्हणत नाही; 'पोयिट्टु वरेन्' (जाऊन येतो) म्हणतो. यजमानही 'पोयिट्टु वांगऽ' (जाऊन या) असे उत्तर देतो. केवळ 'पोंगऽ' (जा) म्हणणे म्हणजे घालवून देणे. मराठीतही निघणारा 'येतो' असेच म्हणतो. सुवासिनींना कुंकू व तांबूल देऊन निरोप देण्याची तेथील रीतही महाराष्ट्राला परिचित आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, तमिळमधील सौजन्य मुख्यतः आदरार्थी प्रत्ययातून व्यक्त होते. म्हणून शब्दांच्या यादीऐवजी क्रियापदांची रूपे आधी शिकविणे श्रेयस्कर ठरेल. दुसरी, प्रसंगानुसार लेखी वा बोली रूप निवडणे हा शिष्टाचाराचाच भाग आहे. शुद्ध रूपही अयोग्य ठिकाणी दुरावा निर्माण करते. तिसरी, भाषाकुळे भिन्न असूनही आदरार्थी अनेकवचन, 'आम्ही–आपण' हा भेद आणि परतण्याचे आश्वासन देणारा निरोप या बाबतींत मराठी व तमिळ एकमेकींच्या जवळ आहेत. तमिळ शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला इंग्रजीच्या मध्यस्थीने 'स्वागत' आणि 'धन्यवाद' शोधावयास लावण्यापेक्षा त्याच्या स्वभाषेतील 'या', 'आपण' आणि 'येतो' यांकडे लक्ष वेधणे अधिक फलदायी ठरेल. त्यामुळे त्याला शेजारच्या भाषेबरोबर स्वतःच्या भाषेतील सौजन्याचीही जाणीव होईल.