मोटारीची किल्ली आणि संकेतग्रह

कुलूप आणि किल्ली ही जोडी मराठीत पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत असली, तरी दोहोंची कुळे निराळी आहेत. 'कुलूप' हा अरबी 'कुफ्ल' या शब्दाचा वर्णविपर्यासाने झालेला अवतार होय. 'किल्ली'चे नाते संस्कृत 'कील' म्हणजे खुंटी या शब्दाशी जोडले जाते. 'चावी' पोर्तुगीजांकडून आली. आजच्या पोर्तुगीज भाषेत त्या शब्दाच्या आरंभी 'श' ऐकू येतो, मराठीने मात्र जुना 'च' सांभाळून ठेवला आहे. या शब्दांनी ज्या वस्तूचा बोध होत आला ती आकाराने ओळखली जाणारी होती. खाचा जुळल्या की कुलूप उघडे, एवढाच तिचा नियम. मोटारीची आजची किल्ली या व्याख्येत बसत नाही. तिचा आकार हुबेहूब उतरवला तरी मोटार चालू होत नाही. आणि ती का होत नाही, याचा उलगडा शब्दार्थसंबंधाच्या परिभाषेत विशेष सुलभतेने करता येतो.

नांदेड आणि लातूर येथील बाजारपेठांत 'डुप्लिकेट चावी बनवून मिळेल' अशा पाट्या दिसतात. यातील 'बनवणे' या क्रियापदामुळे असा समज होतो की, किल्ली ही स्वयंपूर्ण वस्तू असून ती तयार झाली की काम संपले. हरवलेल्या किल्लीच्या जागी टपालाने नवी किल्ली मागवून ती घरच्या घरी वापरू पाहणारा गृहस्थ याच समजुतीने फसतो. वस्तू त्याच्या हाती आलेली असते, परंतु मोटारीच्या दृष्टीने ती अद्याप किल्लीच नसते. म्हणून 'नवी किल्ली घरी जोडून घेता येते काय?' या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी किल्लीची फोड करणे अवश्य आहे.

दिसायला एक असलेल्या या वस्तूत बहुधा तीन स्वतंत्र किल्ल्या एकत्र नांदतात. पहिली म्हणजे धातूचे पाते. दुसरी म्हणजे मुठीत दडवलेली बारीक चीप. तिला 'ट्रान्सपॉन्डर' म्हणतात, आणि हा शब्द 'पाठवणारा' व 'उत्तर देणारा' या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांच्या संयोगाने बनला आहे. तिसरी म्हणजे बटनांचा रिमोट. पाते दार व स्टिअरिंग यांची यांत्रिक कुलपे उघडते, चीप इंजिन चालू होण्याची अनुज्ञा मिळवते आणि रिमोट दुरून दारे उघडतो व मिटतो. तिहींची नक्कल करण्याचे मार्ग वेगळे, आणि घरी काय साधेल याची मर्यादाही प्रत्येकीची वेगळी.

पात्याचा संबंध केवळ रूपसाम्याशी आहे. कानसीने किंवा यंत्राने खाचा उतरवल्या की नवे पाते जुन्याची जागा घेते. या कामात पिढीजात कौशल्य असलेला एक वर्ग म्हणजे शिकलगार. त्या नावाच्या मुळाशी 'जिल्हई देणे' या अर्थाचा अरबी 'सैकल' हा शब्द आहे. पूर्वी हे कारागीर शस्त्रांना धार व झिलई देत. शस्त्रांचा काळ सरल्यावर त्यांच्यापैकी अनेकांनी कुलुपे व किल्ल्या यांचे काम पत्करले. पात्यापुरते त्यांचे काम पुरेसे असते, कारण तेथे कुलपाला काहीही शिकवावे लागत नाही.

चिपेची गोष्ट निराळी. तिच्यात सेल नसतो. किल्ली आत घालून फिरवली की खाचेभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून सुमारे १२५ किलोहर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यातूनच चिपेला शक्ती मिळते आणि ती जागी होते. मोटारीचा संगणक तिला एक यादृच्छिक संख्या विचारतो. चिपेने आपल्या पोटातील गुप्त संख्येच्या साहाय्याने तिचे ठरावीक गणित करून उत्तर द्यावयाचे असते. मोटारही तेच गणित करते. उत्तरे जुळली तर इंजिनाला इंधन व ठिणगी मिळते, एरवी नाही. या व्यवस्थेला 'इमोबिलायझर' म्हणतात. युरोपीय संघात नव्या मोटारींना ती १९९८ पासून सक्तीची झाली. बटन दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांमध्ये किल्लीचा सेल संपला असता ती बटनाजवळ किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी धरली की पुष्कळदा इंजिन चालू होते. त्याचेही कारण हेच, की चिपेला सेलाची गरज नसते.

रिमोटचे बोलणे एकतर्फी असते. बटन दाबताच तो एक संदेश हवेत सोडतो. भारतात व युरोपात यासाठी सामान्यतः ४३३.९२ मेगाहर्ट्‌झ ही कंप्रता वापरली जाते, अमेरिकेत व जपानात ३१५. यामुळे परदेशी बाजारातून मागवलेला रिमोट दिसायला अगदी तसाच असूनही येथील मोटारीला ऐकूच जात नाही, असे घडू शकते. संदेश प्रत्येक वेळी तोच राहिला तर कोणीही तो टिपून पुन्हा वापरील. म्हणून तो दर खेपेस बदलतो. मराठीतील 'परवलीचा शब्द' येथे आठवतो. 'परवल' हा इंग्रजी 'परोल' या लष्करी शब्दापासून आलेला असून पहारेकऱ्यांना रोज नवा दिला जाणारा खुणेचा शब्द हा त्याचा मूळ अर्थ. रिमोटही असाच, मात्र दिवसाला नव्हे तर दाबागणिक, नवा परवलीचा शब्द उच्चारतो. 'कीलॉक' या प्रसिद्ध पद्धतीत रिमोट व मोटार दोघेही १६ बिटांचा गणक सांभाळतात. मुलांनी खेळता खेळता बटन दाबले आणि रिमोट काही पावले पुढे गेला, तर १६ पावलांपर्यंतचे अंतर मोटार निमूटपणे मान्य करते. त्याहून अधिक असल्यास लागोपाठ दोन शब्द ऐकून ती आपला गणक जुळवून घेते.

आता 'प्रोग्रॅमिंग' म्हणजे काय, हे स्पष्ट होते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो, असे नैयायिकांचे मत आहे. तो संकेत ऐकणाऱ्याला अवगत होणे म्हणजे संकेतग्रह. संकेतग्रह झालेला नसेल तर शब्द कितीही स्पष्ट उच्चारला तरी अर्थबोध होत नाही. नव्या किल्लीची नेमकी हीच अवस्था असते. ती बोलते, पण मोटारीला तिचा संकेत ठाऊक नसतो. सबब प्रोग्रॅमिंगचा मुख्य भाग किल्लीत नव्हे, मोटारीच्या स्मृतीत घडतो: ओळखीच्या किल्ल्यांच्या यादीत एका नव्या नावाची भर पडते. संकेतग्रहाच्या साधनांत शास्त्रकारांनी आप्तवाक्याची, म्हणजे विश्वासू व्यक्तीच्या वचनाची, गणना केली आहे. मोटारही नव्या किल्लीचा स्वीकार कोणा आप्ताच्या साक्षीनेच करते. हा आप्त कोण, यावर काम घरी होईल की नाही हे अवलंबून असते.

काही मोटारींत आधीच्या ओळखीच्या किल्ल्याच आप्त मानल्या जातात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या फोर्डच्या अनेक जुन्या मोटारींत ओळखीच्या दोन किल्ल्या एकामागून एक फिरवल्यावर तिसरी, कोरी किल्ली मालकाला स्वतः नोंदवता येते. एकच किल्ली हाती असेल तर मात्र ही वाट बंद. रिमोटची नोंद त्याहून सुकर असते. दारे मिटून चालकाच्या आसनावर बसावयाचे, ठरावीक सेकंदांत ठरावीक वेळा किल्ली चालू-बंद करावयाची, दारांची कुलपे आपोआप एकदा हलली की मोटार शिकण्यास सिद्ध झाली असे समजून रिमोटचे बटन दाबावयाचे, असा तो विधी असतो. गाडी घेतल्यावर बाजारातून बसवून घेतलेल्या केंद्रीय कुलूपयंत्रणांतही साधारण असाच मार्ग असतो. प्रत्येक नमुन्याचा क्रम वेगळा असल्याने त्या त्या पुस्तिकेतील क्रमच प्रमाण मानावा. येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. पुष्कळ यंत्रणांत शिकण्याची अवस्था सुरू होताच जुनी यादी पुसली जाते. म्हणून वापरातील सर्व रिमोट जवळ घेऊनच बसावे आणि एकाच बैठकीत ते सर्व नोंदवावेत. त्याहीपूर्वी जुन्या रिमोटचा सेल बदलून पाहावा, कारण मेलेला वाटणारा रिमोट अनेकदा केवळ भुकेला असतो.

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारींत चिपेच्या बाबतीत मात्र आप्त म्हणून निर्मात्यालाच मान्यता असते. स्टिअरिंगखालच्या सोळा टोकांच्या जोडणीत निदानयंत्र लावावे लागते आणि त्या वाहनापुरता गुप्त क्रमांक द्यावा लागतो. म्हणून अधिकृत सेवाकेंद्र वाहनाचे नोंदणीपत्र व मालकाचे ओळखपत्र पाहते. किल्ली हरवली असल्यास पोलिसांकडील तक्रारीची प्रतही मागितली जाते. पुष्कळ चिपा एकदा एका मोटारीशी जखडल्या की दुसरीच्या उपयोगी पडत नाहीत, हेही जुनी किल्ली स्वस्तात विकत घेणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

ही अडवणूक केवळ व्यापारी स्वरूपाची आहे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर अंशतः एका भाषाशिक्षकाच्या ग्रंथात सापडते. पॅरिसमध्ये जर्मन शिकवणारे आणि 'व्होलाप्युक' या कृत्रिम भाषेचे पुरस्कर्ते ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये असे प्रतिपादिले की, गुप्तलेखनाची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त असावी ती केवळ किल्ली. मोटारनिर्मात्यांनी पुष्कळदा याच्या उलट, रीतच झाकून ठेवली. २००५ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० बिटांच्या गुप्त संख्येवर चालणारी एक चीप भेदून दाखवली. 'मेगामॉस' चिपेच्या दोषांविषयीच्या निबंधाचे प्रकाशन २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले आणि तो २०१५ मध्ये, एक वाक्य गाळून, प्रसिद्ध झाला. निर्मात्याने नोंदणीची वाट अरुंद ठेवणे समर्थनीय आहे. रीत झाकून ठेवण्याने मात्र संरक्षण होत नाही, असे यावरून दिसते.

या विवेचनाचे व्यावहारिक तात्पर्य मराठवाड्याच्या सीमाभागात विशेष लागू पडते. देगलूरच्या गृहस्थाने हैदराबादेहून किंवा उदगीरच्या गृहस्थाने बीदरहून जुनी मोटार आणली, की तो मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेतो आणि एम. एच. २६ किंवा एम. एच. २४ या मालिकेत नवी नोंदणी करवून घेतो. कागदावरचा मालक बदलतो. मोटारीच्या स्मृतीतील यादी मात्र तशीच राहते. पूर्वीच्या मालकाकडे राहिलेली किल्ली मोटारीच्या लेखी अजूनही आप्तच असते. म्हणून खरेदीच्या वेळी दोन्ही मूळ किल्ल्या मागून घ्याव्यात, आणि एक कमी असल्यास सेवाकेंद्रात जुनी यादी पुसून हाती असलेल्या किल्ल्यांचीच नव्याने नोंद करवावी. मोटार चोरीस गेल्यास विमा कंपन्या सर्व मूळ किल्ल्या मागतात. हरवलेल्या किल्लीची नोंद वेळीच केलेली नसेल तर दावा वादात सापडतो. दुसरी किल्ली हाती आहे तोवरच तिसरी करून घेणे हिताचे, कारण शेवटची ओळखीची किल्ली गेली की मोटारीला नव्या किल्लीची ओळख पटवून देणारा आप्त घरात उरत नाही.