लशीचा हिशेब

महासाथीत लस स्वस्त पडली की महाग, हे केवळ कुपीच्या किमतीवर ठरत नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत फ्रान्सने माणशी दोन मात्रा धरून ९ कोटी ४० लाख मात्रांची मागणी नोंदवली. पुढे बहुतेकांना एकच मात्रा पुरेशी ठरली. लस घेणारे तर लोकसंख्येच्या १० टक्क्यांहूनही कमी निघाले. जानेवारी २०१० मध्ये ५ कोटी मात्रांची मागणी रद्द झाली.

ही उधळपट्टी म्हणावी काय? मागणी नोंदवताना साथ किती घातक ठरेल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. घराला आग लागली नाही, म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला असे आपण म्हणत नाही. चूक झाली ती अन्यत्र. नेहमीच्या डॉक्टरांना वगळून लसीकरण खास केंद्रांकडे सोपवले गेले. दवाखान्यांत लस पोहोचली, तेव्हा साथ ओसरत होती.