भिंतीविना बंदिशाळा

मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय २५) प्रभू येशू स्वतःला बंदिवानांमध्ये गणतो. खुल्या कारागृहाकडे आम्ही त्याच दृष्टीने पाहतो. यवतमाळलगतच्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी येथे, असे कारागृह आहे. शिक्षेचा काही काळ सद्वर्तनाने भोगलेले निवडक बंदी तेथे शेती करतात. त्यांना थोपवून धरतो तो मुख्यतः त्यांच्यावर टाकलेला विश्वास.

ही कल्पना आपल्याकडे जुनीच. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. तेथे बंदी कुटुंबासह राहू लागले. त्यावरून स्फुरलेल्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाला १९५८ साली बर्लिन येथे आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कार लाभला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ब्रिटनमध्येही १९३६ पासून खुली कारागृहे आहेत. तरी तेथील तुरुंग इतके भरले की सप्टेंबर २०२४ पासून अनेकांना ४० टक्के शिक्षा भोगताच सोडावे लागले.

मोर्शीचे दार मात्र शिक्षा झालेल्यांनाच उघडते. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील ७५ टक्क्यांहून अधिक बंदी कच्चे कैदी होते. यवतमाळच्या जिल्हा कारागृहाबाहेर भेटीसाठी ताटकळणाऱ्या मातेला मोर्शीचे कौतुक काय सांगावे? तिला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगावे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडण्याची त्यात तरतूद आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी वगळून. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करणे हे कारागृह अधीक्षकांचे कर्तव्य आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील विनामूल्य देते.