एका सुट्या भागासाठी थांबलेले जग

११ मार्च २०११, शुक्रवार. जपानमध्ये दुपारचे २ वाजून ४६ मिनिटे झाली असताना ईशान्य किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाशी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने तोहोकूची किनारपट्टी धुऊन नेली. अठरा हजारांहून अधिक माणसे दगावली किंवा बेपत्ता झाली. फुकुशिमातल्या अणुभट्ट्या बिघडल्या आणि गावेच्या गावे रिकामी करावी लागली. या हानीपुढे मोटारींची गोष्ट क्षुल्लक आहे. तरीही परदेशातली आपत्ती आपल्या दारच्या शोरूमपर्यंत कशी येते, हे त्या वर्षाने जितके स्पष्ट दाखवले तितके क्वचितच कधी दिसले असेल.

बंदरातले नुकसान थोडे, कारखान्यातले मोठे

बंदरांवर निर्यातीसाठी उभ्या असलेल्या नव्याकोऱ्या गाड्या पाण्याबरोबर वाहून जातानाची दृश्ये टीव्हीवर जगाने पाहिली. एकट्या निसानच्या सुमारे २,३०० गाड्यांचे नुकसान झाले. पण २०१० साली जपानने ९६ लाखांहून अधिक वाहने बनवली होती, म्हणजे दिवसाला सरासरी २६ हजार. त्या हिशेबात बंदरातले नुकसान काही तासांच्या उत्पादनाइतकेच होते.

खरा फटका सुट्या भागांच्या कारखान्यांना बसला. एका मोटारीत लहानमोठे सुमारे तीस हजार भाग असतात. मोटार कंपनी ज्यांच्याकडून थेट माल घेते ते पुरवठादार तिला ठाऊक असतात. त्या पुरवठादारांना माल देणारे आणि त्यांनाही कच्चा माल देणारे मात्र बहुधा तिच्या नजरेपलीकडे असतात. सुरक्षितता म्हणून एकच भाग दोन कंपन्यांकडून घ्यायचा, हा शिरस्ता पाळूनही उपयोग झाला नाही. त्या दोघीही खाली एकाच कारखान्यावर अवलंबून आहेत, हे अनेक बाबतींत भूकंपानंतरच उघड झाले. टोयोटाला सुरुवातीला सुमारे ५०० भागांची चणचण भासत होती.

इबाराकी प्रांतातल्या हिताचीनाका येथील रेनेसासच्या ‘नाका’ कारखान्याचे उदाहरण घ्या. इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांचे नियंत्रण करणाऱ्या मायक्रोकंट्रोलर चिपा इथे बनत. मोटारींसाठीच्या या चिपांच्या जागतिक बाजारपेठेत रेनेसासचा वाटा सुमारे ४० टक्के होता. चिप काही डॉलरची असते, पण ती त्या त्या मॉडेलसाठी घडवलेली आणि दीर्घ चाचण्यांतून गेलेली असते. बाजारातून दुसरी आणून बसवता येत नाही. धुळीचा कणही चालत नाही अशा तिथल्या दालनांची मोडतोड झाली, यंत्रे जागची हलली. मग एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मोटार कंपन्यांनी आपापली माणसे दुरुस्तीला पाठवली. गर्दीच्या दिवसांत रोज सुमारे २,५०० माणसे तिथे राबत होती. त्यामुळे अपेक्षेपेक्षा लवकर, १ जूनला, उत्पादनाला पुन्हा सुरुवात झाली. पण सिलिकॉनच्या चकतीपासून तयार चिप हाती यायला दोन-तीन महिने लागतात. कारखाना सुरू झाला तरी टंचाई लगेच सरली नाही ती यामुळे.

दुसरे उदाहरण रंगाचे. फुकुशिमा प्रांतातल्या ओनाहामा येथे जर्मनीच्या मर्क कंपनीचा कारखाना होता. उन्हात गाडीचा रंग चमचमता दिसावा म्हणून त्यात मिसळायचे झिरॅलिक हे रंगद्रव्य जगात फक्त इथेच बनत होते. तो बंद पडताच अमेरिकेत फोर्डने एका चमकदार काळ्या रंगाच्या आणि काही लाल छटांच्या गाड्यांची नवी मागणी घेणे थांबवले.

किंमत वाढते ती अशी

आपत्तीनंतर भाव लगेच चढत नाहीत. भूकंपाच्या दिवशी हजारो गाड्या जहाजांवर होत्या, त्या पुढचे काही आठवडे परदेशी बंदरांत उतरत राहिल्या. त्यामुळे अमेरिकेतल्या विक्रेत्यांना खरी टंचाई जाणवली ती मे-जूनमध्ये. तेव्हाही छापील किमतीपेक्षा आधी आटल्या त्या सवलती. ग्राहकाच्या खिशाला हा फरक भाववाढीइतकाच जाणवतो. शिवाय जे थोडे भाग हाती असतात ते कंपनी सर्वाधिक मागणीच्या गाड्यांना आधी देते. टोयोटाने २८ मार्चला काम सुरू केले ते प्रियससारख्या हायब्रीड गाड्यांपासून. पेट्रोल महागलेल्या त्या उन्हाळ्यात अमेरिकेत जवळपास नवी असलेली जुनी प्रियस नव्या गाडीच्या भावाला जाऊन भिडली.

चलनाचाही परिणाम होतो. जपानी कंपन्या परदेशातला पैसा मायदेशी आणतील या अंदाजाने १७ मार्चला येन वधारला आणि एका डॉलरला ७६.२५ येन असा दर आला. दुसऱ्याच दिवशी जी-७ देशांनी मिळून येनचे मूल्य खाली आणले. येन महागला की जपानी भागही आयातदाराला महाग पडतात आणि आयात शुल्क टक्केवारीत असल्याने तेही वाढते. मात्र आपत्ती आली की भाव चढलेच पाहिजेत असे नाही. जून २०११ मध्ये होंडाने भारतात ‘सिटी’ची किंमत उलट कमी केली, कारण स्पर्धक गाड्या जोरात होत्या.

भारतात परिणाम दिसला तो उत्पादनात. ग्रेटर नोएडात होंडाला आणि बंगळुरूजवळच्या बिडदीत टोयोटाला उत्पादन घटवावे लागले. गाडी भारतात जुळवलेली असली, तरी तिचे महत्त्वाचे भाग जपान आणि थायलंडमधून येत होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये थायलंडमध्ये महापूर आला आणि अयुथया येथील होंडाचा कारखाना पाण्याखाली गेला. पाण्यात बुडालेल्या १,०५५ गाड्या कंपनीने विकल्या नाहीत, मोडीत काढल्या. तिथले उत्पादन सुरू व्हायला मार्च २०१२ चा शेवट उजाडला.

धडा कोणी घेतला?

इशारा आधीही मिळाला होता. जुलै २००७ मध्ये निगाता प्रांतातल्या भूकंपाने रिकेन कंपनीचा पिस्टन रिंगचा कारखाना बंद पडला, तेव्हा जपानच्या बहुतेक मोटार कंपन्यांना काम थांबवावे लागले होते. २०११ नंतर टोयोटाने आपल्या पुरवठादारांच्या खालच्या पायऱ्यांचीही नोंद ठेवली आणि त्यांना चिपांचा काही महिन्यांचा साठा बाळगायला सांगितले. २०२१ च्या चिपटंचाईत ती इतरांपेक्षा अधिक काळ तग धरू शकली ती या तयारीमुळे. साठा ठेवायला पैसा लागतो, पण तो विम्याच्या हप्त्यासारखा धरला पाहिजे.

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर-अंबड इथल्या आपल्या उद्योजकांनी हा धडा मनावर घ्यावा. आपल्याला माल देणारा स्वतः कुठून माल घेतो, हे एकदा कागदावर मांडून पाहावे.

ग्राहकांनाही एक सांगणे आहे. परदेशात मोठी आपत्ती झाली आणि तुमची गाडी बुक केलेली असेल, तर तिचे मुख्य भाग कुठून येतात ते विक्रेत्याला विचारा. आपल्याकडे बहुधा बुकिंगच्या नव्हे, डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव लागू होतो. त्यामुळे अटी लेखी घ्या. रंगाचा हट्ट सोडता आला तर गाडी लवकर मिळू शकते. गरज निकडीची नसेल, तर घबराटीत चढ्या भावाने खरेदी करू नका. २०११ ची टंचाई वर्षभरात बरीचशी ओसरली होती. थांबू शकलेल्या ग्राहकाचे त्यात फारसे नुकसान झाले नाही.